असलेलं बरं

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांना नावं होती पण रस्त्यांना नव्हती त्या काळी, एक राज्य होतं. राज्याच्या मधोमध एक घाट होता. अलीकडे भात पिकायचा, पलीकडे मीठ पिकायचं, आणि भाताला मीठ लागतंच, म्हणून माणसं घाट चढायची. सोयरिकीही तशाच जुळायच्या. अलीकडच्या लेकी पलीकडे नांदायच्या, पलीकडच्या अलीकडे.

घाट तसा वाईट नव्हता, पण लहरी होता. पायथ्याशी लख्ख ऊन, आणि माथ्याशी पोहोचावं तर ढग खाली उतरून बसलेला. वाट इतकी अरुंद की डोलीसुद्धा जायची नाही, माणसामागून माणूस चालायचं. म्हणून राजाने दोन्ही पायथ्यांना एकेक कोठी बांधली होती. घाट चढणाऱ्याने या कोठीतून गाठोडं घ्यायचं आणि पलीकडच्या कोठीत ते परत करायचं. सरदार असो की सुपं विकणारा, हा नियम सगळ्यांना सारखा होता.

अलीकडची कोठी आवडाक्का नावाची एक बाई सांभाळायची. कोठीच्या भिंतीला खुंट्यांच्या तीन ओळी होत्या, आणि आवडाक्काच्या तोंडी तीनच वाक्यं होती.

पहिल्या ओळीवर पाण्याचा भोपळा, भाकरीचं फडकं, काठी आणि दोर. हे बांधताना ती म्हणायची, "हे लागतंच." त्यावर कुणाचं काही चालायचं नाही.

दुसऱ्या ओळीवर घोंगडी, चकमक, मिठाची पुरचुंडी आणि मुठीत मावेल एवढी पितळी घंटी. ते ती न विचारता गाठोड्यात घालायची आणि म्हणायची, "हे असलेलं बरं." कुणाला ओझं नको असेल तर त्याने ती वस्तू आपल्या हाताने बाहेर काढायची. तो काढत असताना आवडाक्का त्याला एवढंच सांगायची, की ही तुला कधी आठवेल. पाऊस लागला आणि पायांना जळवा चढल्या की मीठ आठवेल. वाटेतच दिवस मावळला की चकमक आठवेल. आणि धुक्यात सोबतचा माणूस दिसेनासा झाला की घंटी आठवेल, कारण त्या घाटात माणसाची हाक समोरच्या कड्यावर आपटून भलतीकडूनच ऐकू यायची. घंटीचा बारीक आवाज तेवढा फसवायचा नाही. ऐकणारा विचार करायचा, वस्तू ठेवायचा किंवा काढायचा. आवडाक्का पुन्हा आग्रह करायची नाही.

तिसऱ्या ओळीवर सुपारी, चिंचेचे गोळे, पावा, सोंगट्या असलं काहीबाही टांगलेलं असायचं. "हे वाटलं तर घ्या." मागेल त्याला मिळायचं, न मागेल त्याला त्याची आठवणही करून दिली जायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? काहीच नाही. चांगल्या रीतीत मोठंसं काही दिसतच नाही, म्हणून तर शहाण्यांचे हात तिला मोडायला शिवशिवतात.

पुढे आवडाक्काची दृष्टी गेली आणि कोठी तिच्या भाच्याकडे आली. भाच्याचं नाव तुळाजी. मनाने फार चांगला माणूस, पण काळजी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची बायको लवकर गेली होती. मागे राहिली होती सारजा नावाची एकुलती एक लेक. तिला तुळाजीने आणि आवडाक्काने मिळून वाढवलं. सारजाचं सगळं लहानपण त्या कोठीत गेलं. दुसऱ्या ओळीवरची घंटी पायात बांधून ती अंगणभर नाचायची आणि ओरडा खायची.

कोठी हातात आली त्या वर्षी तुळाजीला झोप लागेना. आत्याची ती दुसरी ओळ त्याला कळायचीच नाही. वस्तू असलेली बरी असेल, तर ती काढूच का द्यायची? उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर? त्याने ठरवलं की दुसऱ्या ओळीवरचं सगळं पहिल्या ओळीसारखंच लागतं असं मानायचं. कुणाला काही काढू द्यायचं नाही.

आणि काय सांगू, गाठोडं फुगायलाच लागलं. घंटी आली म्हणजे तिला बांधायला चामड्याची वादी असलेली बरी. वादी आली म्हणजे ती ताठू नये म्हणून तेल असलेलं बरं. तेलाला बांबूची नळी, नळीला बूच, आणि बूच गळलंच तर पुसायला फडकं. म्हातारी माणसं गाठोडं पाहूनच मट्कन खाली बसायची. सारजाचं लग्न त्याच वर्षी झालं. पलीकडच्या हैबती नावाच्या मिठागरवाल्याला तिला दिली होती. नवरी घाट चढून गेली ती अशीच एवढं मोठं गाठोडं नवऱ्याच्या डोक्यावर देऊन. वऱ्हाडी हसले. सारजाही हसली, पण बापाचा जीव तिला ठाऊक होता. काढलं काहीच नाही.

मग एकदा कोठीतल्या घंट्या संपल्या. घंट्या घडवणारा तांबट आपल्या गावी गेला होता, तो येईपर्यंत नव्या मिळणार नव्हत्या. तुळाजीने घाट बंद केला. दुसरी ओळ पुरी नाही, तर कुणी चढायचं नाही. एक पानवाला बसून राहिला आणि त्याची पानं टोपलीतच कुजली. पण त्याचं काही नाही, पानं पुन्हा उगवतात. दुसरा एक जण होता, त्याचे वडील पलीकडे शेवटच्या घटका मोजत होते. आकाश स्वच्छ होतं, तो एकटाच जाणार होता, सोबत कुणी नाही तर घंटी वाजवून तो हुडकणार कुणाला? त्याने तुळाजीच्या पायांवर डोकं ठेवलं. तुळाजी म्हणाला, तुमच्याच जिवासाठी नको म्हणतोय. तांबट आला, घंटी मिळाली, तो माणूस धावत घाट चढला, आणि वडिलांचं तोंड बघायचं राहून गेलं. परतताना तो कोठीत आला. त्याने गाठोडं सोडलं, घंटी तुळाजीच्या हातावर ठेवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.

त्याच्या असं मुक्याने जाण्याने तुळाजी आतून मोडला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ही तक्रार दरबारापर्यंत गेली आणि राजाचा कारभारी कोठी बघायला आला. कारभारी हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला माहीत होतं. त्याने खुंट्यांकडे बोट करून विचारलं, या घंटीवाचून घाट चढता येतो का? येतो, तुळाजी म्हणाला. मिठावाचून? येतो. चकमकीवाचून? येतो, बहुतेक वेळा येतो. कारभारी हसला.

"ज्याच्यावाचून चालतं, ते गाठोड्यात कशाला?"

 खरं सांगायचं तर तुळाजीला याचं उत्तर नकोच होतं. त्या मुक्या माणसाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि हातातलं ओझं कुणीतरी खाली ठेवायला सांगतंय याचं त्याला हायसं वाटलं. त्याने दुसऱ्या ओळीवरच्या साऱ्या वस्तू उचलून तिसऱ्या ओळीवर टांगल्या. आता दोनच ओळी उरल्या. लागतं ते बांधून द्यायचं. बाकीचं वाटलं तर घ्या, मागेल त्याला मिळेल.

आवडाक्का कोपऱ्यात वाकळ शिवत बसलेली असायची. डोळे गेले होते तरी सुई तिच्या बोटांना दिसायची. खुंट्यांवरून वस्तू उतरल्याचा आवाज तिने ऐकला आणि विचारलं, "तुळाजी, माणूस आता वस्तू काढतो ती कशी?"

"काढायची वेळच येत नाही आत्या. मी घालतच नाही."

"मग काय काढलंय ते त्याला कळणार कसं?"

तुळाजी म्हणाला की ज्याला हवं तो मागेल. आवडाक्का म्हणाली की जे आहे हेच ठाऊक नाही ते कुणी मागत नसतं. तुळाजीला वाटलं, म्हातारपणी माणसाला जुनं तेच खरं वाटतं. म्हातारी पुन्हा सुईकडे वळली.

गाठोडी हलकी झाली. लोक खूश झाले. घाट उतरून येणारे तुळाजीला दुवा देऊ लागले. दिवस चांगले गेले, ऊन चांगलं पडलं, आणि मीठ, चकमक, घंटी यांची कुणाला आठवणही झाली नाही. राजाने तुळाजीला दरबारात बोलावून पागोटं बांधलं आणि हुकूम काढला, की पलीकडच्या कोठीनेही हीच रीत धरावी. पलीकडचा कोठीवाला आज्ञाधारक होता. त्याने तुळाजीपेक्षाही नीट रीत पाळली. नको त्या वस्तू त्याने खुंट्यांवरून काढून माळ्यावर टाकल्या.

सारजाला दिवस गेल्याची बातमी मिठाच्या गोण्यांबरोबर आली. तुळाजीला काय करू आणि काय नको असं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच होती. त्याने सुईणीला सांगून ठेवलं, डिंकाचे लाडू करायला शेजारणीला विनवलं, अंगण स्वतः सारवलं. आवडाक्काने वाकळ बाजूला ठेवून दुपटी शिवायला घेतली. लेकीला आणायला खरं तर बापाने जायचं, पण कोठी सोडून जाता येईना. पाऊस उघडला की मीच तिला घेऊन येतो, असा हैबतीचा निरोप आला.

पाऊस उघडला. ज्या दिवशी ते यायचे होते त्या दिवशी तुळाजी सकाळपासून अंगणात उभा होता. पायथ्याला ऊन होतं. माथा मात्र दिसत नव्हता. दुपार कलली तेव्हा वाटेवरून एकच माणूस उतरताना दिसला. तुळाजी त्याच्या मागे बघत राहिला, आणखी कुणी वळणावरून येईल म्हणून. कुणी आलं नाही.

हैबती कोठीच्या पायरीवर बसला. त्याचे गुडघे सोलवटले होते आणि आवाज बसला होता.  त्याने सांगितलं ते असं.

माथ्याजवळ पोहोचेपर्यंत सगळं ठीक होतं. सारजा आनंदात होती. पलीकडच्या कोठीत गाठोडं घेताना ती त्या कोठीवाल्याला म्हणाली होती, हे आमच्या घरचं गाठोडं आहे, मला यातलं सगळं ठाऊक आहे. बरं झालं हलकं बांधलंय, असंही म्हणाली होती, बाबांनी वाद्या आणि नळ्या सोडल्या वाटतं. हैबतीने ते खांद्यावर घेऊ म्हटलं तर तिने दिलं नाही, तुमच्यापाशी मिठाची गोणी आहे म्हणाली. माथ्यावरच्या अरुंद वाटेवर धुकं उतरलं. पुढे दरड कोसळली आहे का ते बघून येतो, तू इथेच खडकाला टेकून बस, असं सांगून हैबती थोडा पुढे गेला. परत वळला तर वाट दिसेना, सारजा दिसेना. त्याने हाक मारली. तिने ओ दिली. पण ओ एकदा वरून आली, एकदा खालून आली, एकदा समोरच्या कड्यातून आली.

"मग ती ओरडली, थांबा, हलू नका, घंटी वाजवते. बाबा घालतातच. मी जागच्या जागी थांबलो मामा. गाठोडं सोडल्याचा आवाज आला. भोपळा घरंगळला तोही ऐकला. मी घंटीची वाट बघत राहिलो."

घंटी वाजली नाही. किती तरी वेळ नुसती शोधल्याची खुडबुड येत राहिली. मग सारजाने पुन्हा हाक मारली, या वेळी घाबरलेली. हैबतीने ओ दिली, आणि त्याची ओ तिला भलतीकडून ऐकू आली असावी. ती त्या दिशेने उठली. तिथे वाट नव्हती.

धुकं विरल्यावर हैबती त्या खडकापाशी पोहोचला. गाठोड्याचं फडकं पसरलेलं होतं, आणि त्यावर एकेक वस्तू वेगवेगळी काढून मांडलेली होती. भाकरीसुद्धा उलगडून बघितलेली होती.

तुळाजी ऐकत होता. ऐकून झालं तसा तो उठून आत गेला आणि तिसऱ्या ओळीपुढे उभा राहिला. चिंचेच्या गोळ्यांच्या आणि सोंगट्यांच्या मधोमध घंट्या टांगलेल्या होत्या, मागेल त्याला मिळतील म्हणून. पलीकडच्या कोठीत सारजाने मागितली नव्हती. जी वस्तू गाठोड्यात आहेच अशी खात्री असते, ती कुणी मागत नाही.

दरीतून सारजाला वर आणलं, पोटच्या जिवासकट तिला अग्नी दिला, आणि गाव आपापल्या घरी गेलं. तुळाजी आत्यापाशी येऊन बसला. त्याला तिने बोलावं असं वाटत होतं. शिव्या द्याव्यात, बघ मी म्हणत होते असं म्हणावं. आवडाक्काच्या मांडीवर अर्धवट शिवलेलं दुपटं तसंच होतं. ती बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी त्यानेच विचारलं, "आत्या, मी ओझं कमी केलं ते चुकलं का?"

"ओझं कमी केलंस ते नाही चुकलं. कुणाला न सांगता कमी केलंस."

एवढंच ती बोलली. मग तिलाही रडू फुटलं, कारण सारजाला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं, आणि आंधळ्या डोळ्यांना रडायला काही अडचण नसते.

राजाच्या कानावर हे गेलं. राजा वाईट नव्हता. तो स्वतः कोठीत आला, तुळाजीपुढे पागोटं काढून बसला आणि म्हणाला, चूक आमचीही आहे. आजपासून घंटीवाचून कुणी घाट चढायचा नाही, हा आमचा हुकूम. कारभारी बाजूलाच खाली मान घालून उभा होता.

लेक गेलेल्या बापाला याहून गोड हुकूम कोणता असेल? तुळाजीच्या ओठांवर 'होय महाराज' आलंच होतं. पण त्याला तो मुका माणूस आठवला, बापाचं तोंड न बघता परतलेला. तोही कुणाचा तरी मुलगा होता, जशी सारजा कुणाची तरी लेक होती.

"नको महाराज," तो म्हणाला. "तेही मी करून बसलोय. त्यानेही माणसाचं वाटोळं होतं, फक्त कोठीतून दिसत नाही. मला माझ्या आत्याची मधली ओळ परत द्या."

राजाने ती दिली. दोन्ही कोठ्यांत खुंट्यांच्या तीन ओळी पुन्हा झाल्या, आणि तीन वाक्यं पुन्हा ऐकू येऊ लागली.

पण मुलांनो, तीच रीत आता पाळायला किती जड झाली होती ते ऐका. आवडाक्का सांगायची तेव्हा ते नुसतं सांगणं होतं. तुळाजीला मात्र येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपल्या लेकीचं मरण सांगावं लागायचं. नाव तो घ्यायचा नाही. गाठोड्यात घंटी घालून म्हणायचा, हे असलेलं बरं. कुणी ती बाहेर काढू लागलं की म्हणायचा, "धुकं उतरलं आणि सोबतचं माणूस पुढे गेलेलं असलं, तर ही आठवेल." दिवसातून कितीदा तरी तेच वाक्य, त्याच आवाजात. आणि वाक्य बोलून झालं की हात मागे घ्यायचा.

एकदा एक तरुण जोडपं आलं. बाई अवघडलेली होती, माहेरी निघाली होती. नवऱ्याने गाठोडं उचलून बघितलं आणि घंटी काढायला हात घातला. तुळाजीने आपलं वाक्य म्हटलं. बाईने विचारलं, "असं खरंच कधी झालंय का हो?"

"झालंय," तुळाजी म्हणाला. "माझ्या लेकीचं झालंय. तिला कुणी सांगितलं नव्हतं."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. आकाशाकडे बघितलं. मग बाई म्हणाली की आम्ही हात धरूनच चालणार आहोत, एकमेकांपासून लांब होणार नाही, आणि आता ओझं जेवढं कमी तेवढं बरं. तिने घंटी काढून तुळाजीच्या हातात दिली.

 घंटी गुपचूप घोंगडीच्या घडीत सरकवून द्यावी असं त्याला वाटलं. कोणाला कळलंही नसतं. पण गाठोडं तिचं होतं, वाट तिची होती, आणि काय ठेवलं, काय सोडलं हे आता तिला ठाऊक होतं. त्याने घंटी खुंटीला अडकवली, गाठ मारली, आणि दोघं वळणाआड होईपर्यंत तो अंगणात उभा राहिला. ते हात धरून चालत होते.

ते सुखरूप पोहोचले. सगळेच पोहोचले असं नाही. घाट लहरीच राहिला, आणि त्यानंतरही त्याने माणसं घेतली. पण तुळाजी जगला तोवर, गाठोडं उलगडून त्यात नसलेली वस्तू शोधत कुणी मेलं नाही. आपण काय मागे ठेवून निघालो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुळाजीला मात्र सारजा काही परत मिळाली नाही, आणि मिळणारही नव्हती.

तात्पर्य: ज्याच्यावाचून एरवी चालतं ते खुशाल वगळावं, पण ज्याला वाट चालायची आहे त्याला सांगून, आणि त्याच्याच हाताने.